रयत : काळी-पांढरीतला एक शब्द

मोडी वाचायला शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यातच काही शब्द वारंवार भेटतात : मौजे, मजकूर, बितपशील, देहे, रयत. बहुतेकांसाठी तो निमूटपणे कोश उघडतो. रयतसाठी उघडत नाही. हा शब्द त्याने शाळेच्या इतिहासात वाचलेला असतो, पोवाड्यात ऐकलेला असतो, निवडणुकीच्या फलकावर पाहिलेला असतो. घरचाच माणूस, त्याला ओळख काय विचारायची? जुन्या कागदांच्या अभ्यासात माणूस अडखळतो तो बहुधा इथेच. अनोळखी शब्द आपल्याला सावध ठेवतो, ओळखीचा मात्र आजचा अर्थ हातात देऊन गाफील करतो. 'मजकूर' म्हणजे आज आपण छापलेले लिखाण समजतो; कागदात 'मौजे मजकूर' म्हणजे 'वर सांगितलेले गाव'. एवढा फरक एकदा कळला की चूक सुधारते. रयतची चूक सुधारायला जास्त वेळ लागतो, कारण तिथे अर्थाबरोबर मायाही बदलावी लागते.

सत्तेच्या उतरंडीत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसांना काय म्हटले गेले, हा या अभ्यासक्षेत्राचा विषय. मांडलिक, बारगीर, हुजऱ्या, कूळ, उपरी, वेठबिगार असे कितीतरी शब्द त्यात येतात. नव्या वाचकाने कुठून शिरावे असे मला विचारले, तर मी रयतच्या दाराने या म्हणेन. हे दार रुंद आहे आणि आत गेल्यावर बाकीचे सगळे भेटतात.

माझ्या स्वतःच्या समजुतीला पहिला धक्का दिला तो हजारीबागकडच्या एका विद्यार्थ्याने. आमच्या वर्गात तो पाहुणा म्हणून बसला होता. बोलता बोलता म्हणाला, "हमलोग तो रैयत हैं, जमीन अपनी है." मी चमकलो. माझ्या कानाला 'आम्ही रयत' म्हणजे 'आम्ही साधी माणसे' असे ऐकू आले. तो मात्र जमिनीवरचा कायदेशीर हक्क सांगत होता. त्याच्याकडे १९०८च्या छोटानागपूर कुळकायद्यात 'रैयत' हा व्याख्या करून ठेवलेला शब्द आहे, आणि तिथल्या महसूल कचेरीत आजही 'रैयती जमीन' ही एक नोंद आहे. शिवाय त्याच्याकडे एकट्या माणसालाही 'रैयत' म्हणता येते. मराठीत तसे म्हणून बघा. 'एक रयत आली' हे वाक्य जिभेवर अडते. आजच्या मराठीत रयत स्त्रीलिंगी आहे, एकवचनी आहे आणि तरी समूहवाचक आहे : रयत सुखावते, रयत गांजते, रयत परागंदा होते. तिच्यातला एक माणूस बोट धरून बाहेर काढता येत नाही. व्याकरणातली ही बारीकशी गोष्ट लक्षात असू द्या, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

शब्द अरबी आहे. चरणे, चारणे, राखणे या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. त्याच धातूचा 'राई' म्हणजे मेंढपाळ, आणि 'रइय्या' म्हणजे त्याने राखलेला कळप. कळपाला राखणदार लागतो, तसा लोकांना राजा लागतो, अशी ही कल्पना. हिंदी-उर्दूतली 'रियायत', म्हणजे सवलत, तीही याच घरातली बहीण. राखणाऱ्याने कधी हात सैल सोडला तर मिळते ती रियायत. आपल्या 'प्रजा' शब्दाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. प्रजा म्हणजे मूळ अर्थाने अपत्य. एका भाषेने खालच्या माणसाला लेकरू केले, दुसरीने मेंढरू. लेकरू निदान कधीतरी मोठे होते, असे कोणी म्हणेल. पण राजाच्या घरी लेकरेही फारशी मोठी होऊ दिली जात नसत.

अरबीतून हा शब्द फारसीत आला आणि मग राज्यांबरोबर फिरत राहिला. उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात 'रेआया' म्हणजे कर भरणारे सगळे. त्यांच्या वरचा, कर न भरणारा आणि तलवार-लेखणी बाळगणारा वर्ग तो 'अस्करी', आपल्या 'लष्कर' शब्दाचा नातलग. पुढे बाल्कन भागात या शब्दाचा रोख मुख्यतः ख्रिस्ती शेतकऱ्यांकडे वळला आणि त्याला हिणवणुकीचा वास लागला. पण हिणवलेला शब्द हिणवलेली माणसे कधी कधी उचलून अंगावर घेतात. आज साराएव्हो शहरात तोच शब्द 'राया' असा उच्चारला जातो आणि त्याचा अर्थ आहे आपले दोस्त, आपली टोळी. लावणीतल्या 'राया'शी त्याचा काडीचा संबंध नाही, पण मराठी कानाला तो योगायोग गोड वाटतो खरा.

पूर्वेकडे शब्द आणखी दूर गेला. मलय भाषेत तो 'राक्यत' झाला आणि त्याचा अर्थ झाला जनता. मलेशियाच्या संसदेचे कनिष्ठ सभागृह म्हणजे 'देवान राक्यत'. इंडोनेशियाच्या प्रतिनिधिगृहाचे नाव 'देवान परवाकिलान राक्यत'. हे नाव मराठी वाचकाने सावकाश वाचावे : देवान, वाकिल, राक्यत. दिवाण, वकील, रयत! आपल्या जुन्या दप्तरातले तीन नेहमीचे शब्द जाकार्तात एका पाटीवर बसले आहेत. आपल्या कागदात रयत दिवाणापुढे उभी असते, 'दिवाण' म्हणजे सरकार. तिथे दिवाणच रयतेचा आहे.

घराजवळ येऊ. कन्नडमध्ये 'रैत' आणि तेलुगूत 'रैतू' म्हणजे सरळ शेतकरी. कर्नाटकातली रैत संघाची चळवळ आणि तेलंगणाची २०१८ची 'रैतू बंधू' योजना यांच्या नावात तोच आहे. मराठीत ती जागा 'शेतकरी' आणि 'कुणबी' या शब्दांनी आधीच धरली होती, म्हणून रयत थोडी वर सरकली आणि अधिक पसरट झाली. बेळगावकडे दोन्ही भाषा बोलणारा माणूस कन्नडमध्ये रैत म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बैल येतात, मराठीत रयत म्हणतो तेव्हा राजा येतो.

राजा येतो, आणि तो बहुतेक वेळा एकच असतो. शिवकाळाने या शब्दाला जी ऊब दिली ती अजून गेलेली नाही. १६७०च्या दशकातले चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. लष्कराने गावाला उपद्रव देऊ नये, दाणा-वैरण बाजारात रोख विकत घ्यावी, नाहीतर लोकांना मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. त्या पत्रात कुणबी आणि रयत हे दोन्ही शब्द येतात. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा प्रसंग आहे : आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तिच्या राजीखुशीवाचून आणि मोल दिल्यावाचून तोडू नयेत. मधल्या काळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा खटाटोप केला होता, तरी रोजच्या लिखाणातून रयत हटली नाही.

हे कागद वाचताना गहिवर येतो, आणि गहिवर येण्यात गैर काही नाही. फक्त तो ओसरल्यावर तेच कागद पुन्हा वाचायचे. रयतेला त्रास देऊ नका असे सांगणाऱ्याला तिचे उपद्रवमूल्य पक्के ठाऊक होते. सतराव्या-अठराव्या शतकात जमीन पुष्कळ होती, कसणारे हात कमी. दुष्काळ पडला, फौजा फिरल्या, वसुलीचा तगादा असह्य झाला की कुणबी रात्रीत बैल जुंपून शेजारच्या परगण्यात जाई. तलवार हाती नसलेल्या माणसाचे हत्यार त्याचे पाय. म्हणून कागदोपत्री इतकी आर्जवे दिसतात : कौल देऊन बोलावणे, तगाई देणे, पडीक जमिनीवर पहिल्या वर्षी थोडा आणि मग चढत जाणारा सारा बांधून 'इस्तावा' करून देणे, लावणी-संचणी करणे. कौलाच्या कागदात रयत आणि दिवाण यांच्यात चक्क घासाघीस चाललेली ऐकू येते. युरोपातला सरंजामी मांडलिक धन्यापुढे गुडघे टेकून शपथ घेई आणि बदल्यात संरक्षण मिळवी. आपल्या रयतेने शपथ घेतल्याचे दिसत नाही. तिने अटी घातल्याचे मात्र दिसते. 'सरंजामशाही' हा शब्दही जपून वापरावा असे म्हणतात ते यासाठीच. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी दिलेला मुलूख. त्यावरून अख्ख्या युरोपीय व्यवस्थेचे भाषांतर आपण केले आणि मग तेच चष्म्यासारखे आपल्या गावावर लावले. भारतात सरंजामशाही होती का, या प्रश्नावर रामशरण शर्मा आणि हरबन्स मुखिया यांच्या निमित्ताने जो वाद झाला, तो नव्या वाचकाने एकदा तरी वाचावा. पण तिथेच मुक्काम करू नये.

रयत एकजिनसीही नव्हती. गावात मिरासदार असे, वडिलोपार्जित हक्काचा. वर्षानुवर्षे परागंदा राहून परतला तरी त्याची मिरास त्याची. उपरी असे, आज आहे उद्या नाही असा, करारापुरता कसणारा. दोघेही सारा भरत, दोघेही रयत, पण पाणवठ्यावर आणि मानपानात दोघांची जागा सारखी नसे. बलुतेदारांचे काय? महारांना वतन होते आणि त्या वतनापायी सरकारी-गावकीची राबणूकही होती. वसुलीच्या कागदातली 'रयत' त्यांना धरते की नाही हे दर कागदाला तपासावे लागते. गावाची जमीन 'काळी' आणि वस्तीची जागा 'पांढरी'. रयत हा शब्द बराच काळ काळीतला होता. पांढरीतल्या सगळ्यांना तो सारख्या मापाने लागू पडत नव्हता.

मग इंग्रज आले, आणि माझ्या मते या शब्दाच्या मराठी आयुष्यातली सगळ्यात निर्णायक घटना तिथे घडली. बंगालमध्ये १७९३च्या कायमधाऱ्याने जमीनदाराला मधे उभे केले. तिथली रयत जमीनदाराची झाली. मद्रास इलाख्यात बारामहालातल्या अनुभवावरून टॉमस मन्रोने वेगळी वाट धरली, तीच पुढे मुंबई इलाख्यात आली. तिथे प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली पहिली मोजणी फसली. १८३५पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ती नव्याने केली आणि तीस वर्षांसाठी आकार ठरवला. या पद्धतीचे नाव रयतवारी. यातला 'वारी' आषाढीचा नव्हे. तपशीलवार, तालुकावार यांतला 'वार' आहे तो. रयतवारी म्हणजे एकेका रयतेशी हिशेब, मौजेवारीच्या उलट. पूर्वी गावाचा आकडा ठरे आणि तो आपसात वाटण्याची भांडणे पाटील-कुळकर्ण्यांच्या ओटीवर चालत. आता प्रत्येक शेताला नंबर आला, प्रत्येक नंबराला नाव आले. कळपातले एकेक डोके मोजले गेले. मोजल्यामुळे हक्क मिळाला, हे खरे. मोजल्यामुळे ते डोके सावकारालाही एकेकटे सापडले, हेही खरे. अमेरिकेतल्या यादवीने आलेली कापसाची तेजी ओसरली, सारा वाढला, आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे पेटवले. माणसांपेक्षा कागदांवर राग निघाला, ही गोष्ट कागदांच्या अभ्यासकाने विसरू नये. त्यानंतरच्या चौकशीच्या अहवालांत आणि १८७९च्या कायद्याच्या चर्चेत इंग्रजी 'रायट' सतत येतो : भोळा, कर्जात बुडालेला, ज्याचे रक्षण साहेबाने करायचे असा. मेंढपाळ बदलला, मेंढरू तेच. १८८३ साली जोतीरावांनी शेतकऱ्याच्या दैन्यावर लिहिताना पुस्तकाच्या नावात 'शेतकरी' घातला आणि त्याच्या हाती असूड दिला. त्या काळच्या सरकारी रयतेच्या हातात असूड कल्पून पाहा, म्हणजे शब्दाच्या निवडीने काय साधते ते कळेल.

देशावर रयत आणि सरकार यांच्यामध्ये जमीनदार नव्हता, म्हणून मराठीत या शब्दाला गुलामीचा डाग तितका बसला नाही, असे माझे म्हणणे आहे. याची उलटतपासणी कोकणात करता येते. तिथे मधे खोत होता. आणि बघा, तिथे खालच्या माणसाचा शब्द रयत उरत नाही, तो 'कूळ' होतो. चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ जमिनी कसायला नकार दिला, तो कुळांचा संप. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेही कुळांसाठी. १९४८चा कायदा कूळकायदा म्हणूनच ओळखला जातो, आणि १ एप्रिल १९५७ रोजी अनेक कुळे कायद्याने मालक मानली गेली. घाटाच्या वर एक शब्द, खाली दुसरा. मधे सह्याद्री नाही, खोत आहे.

आता रयतच्या दुसऱ्या जन्माकडे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी शिक्षणसंस्था काढली आणि तिला रयत हे नाव दिले. नाव ठेवताना त्यांच्यापुढे 'बहुजन', 'शेतकरी', 'मराठा' असे पर्याय नसतील असे नाही. पण रयतमध्ये सारा भरणारा आणि न भरणारा, काळीतला आणि पांढरीतला, मिरासदार आणि गावकुसाबाहेरचा असा भेद भाऊरावांनी राहू दिला नाही. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली आणि एका पंगतीत जेवली. वसुलीच्या कागदाने ज्यांना कदाचित मोजले नसते त्यांना त्या पंगतीने रयत केले. मघाशी सांगितलेले समूहवाचक एकवचन इथे कामाला आले. ज्या शब्दातून एकटा माणूस वेगळा काढता येत नाही, त्यात जातही सहजी वेगळी काढता येत नाही. आज पश्चिम महाराष्ट्रात 'मी रयतचा' असे कोणी म्हणाला तर तो राजाचे नाव सांगत नसतो, शाळेचे सांगत असतो. अरबी कळपाची साताऱ्यात शाळा झाली, हे मला साराएव्होच्या 'राया'इतकेच नवलाचे वाटते.

सरकारदरबारी मात्र शब्द हळूहळू निवृत्त झाला. १९६६च्या महसूल संहितेत आपण 'भोगवटादार', सातबारावर आपण 'खातेदार', राज्यघटनेत 'नागरिक', आणि अलीकडे योजनांच्या फलकावर 'लाभार्थी'. रयत उरली ती भाषणात, चित्रपटात आणि जयंतीच्या कमानीवर. तिथे ती फार गोड दिसते. गोडीबद्दल माझी तक्रार नाही. पण एखादा मंत्री 'माझी रयत' म्हणतो तेव्हा मला नेहमी व्याकरणाचा प्रश्न पडतो : हे 'माझी' षष्ठीचे कोणत्या नात्याचे? घटनेप्रमाणे नाते उलटे आहे. सभेत टाळ्या पडतात त्या अर्थी श्रोत्यांना तो प्रश्न पडत नसावा. की पडतो, आणि तरी राखणदार हवासा वाटतो? 'लाभार्थी' शब्दाची रुक्षता ऐकली की हे दुसरे उत्तर अगदीच खोटे वाटत नाही. या प्रश्नावर शिवकाळाच्या अभ्यासकांनी समाजशास्त्रज्ञांबरोबर बसून काम करायला हवे; अजून बरेच व्हायचे आहे.

नव्याने येणाऱ्यांना शिधा कोणता बांधून द्यावा? दोन कोश जवळ हवेत : मोल्सवर्थ, शक्यतो १८५७ची दुसरी आवृत्ती, आणि माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फार्शी-मराठी कोश. पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन. कवीने केलेला कोश असल्याने तो चाळायलाही मजा येते. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा १९१५चा 'गावगाडा' वाचा, पण त्यातली मते आत्र्यांची आहेत, गावाची नव्हेत, हे ध्यानात ठेवून. जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांचे दख्खनवरील निबंध वाचा. आपल्याला सवयीचे झालेले गाव बाहेरच्या डोळ्याला किती वेगळे दिसते ते कळेल. राजवाड्यांनी १८९८पासून प्रसिद्ध केलेले साधनांचे खंड आहेत, सरदेसायांच्या संपादनातले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग आहेत. आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात न वाचलेले रुमाल आहेत, ते कोणाची वाट पाहत आहेत ते तुम्हीच ठरवा. कागद मिळाला नाही तर घरातला सातबारा, फेरफार, आजोबांच्या काळातले शेतवार पत्रक काढा. तिथूनही रस्ता मागे जातो.

पहिला कागद हाती आला की घाई करू नका. मायन्यातल्या पदव्या ओलांडा, तारखेचा सुहूर सन सोडवत बसू नका, ते नंतर जमेल. आधी ओळीने माणसे मोजा. देशमुखाचे नाव असेल, देशपांड्याचे असेल, मोकदमाचे असेल, कुळकर्ण्याचे तर त्याच्याच हातचे. मग लेखणी किंचित थांबून पुढे जाते आणि 'व रयत मौजे' एवढे लिहून गावाच्या नावावर येते. माझ्या पहिल्या कागदात त्या जागी कसर लागलेली होती. 'रय' एवढेच दिसत होते, 'त' अळीने खाल्लेला. खाली निशाणीला एक नांगर काढला होता, रुमणे जरा वाकडे, आणि त्याच्या शेजारी नाव लिहायला सोडलेली जागा कोरीच होती.